गडसंवर्धनाला पहिल्यांदाच येतोयस? मग एवढं वाच

तू मोहिमेला येतोयस, फार बरं वाटलं. फक्त गडावर पोचल्या पोचल्या कुदळ हातात घेऊ नकोस. गड कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचार. रायगड, शिवनेरी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. राजगड, साल्हेर राज्याकडे. संरक्षित गडावर लेखी परवानगीशिवाय चिरासुद्धा हलवायचा नाही.

नव्या माणसाला बहुधा टाक्याचं, म्हणजे खडकात खोदलेल्या पाण्याच्या हौदाचं, काम मिळतं. पाणी आटलं की उन्हाळ्यात गाळ काढतात, घमेली हातोहात वर जातात. घाई नको. गाळात खापराचा तुकडा, नाणं, घडीव दगड, काहीही निघू शकतं. दिसलं की हात थांबव, जागेवरच फोटो काढ आणि मोहीमप्रमुखाला हाक मार. खिशात तर मुळीच नाही!

तटात उंबर-पिंपळ रुजलेला दिसला की उपटायची सुरसुरी येते. पण मुळांनीच चिरे धरून ठेवलेले असतात, ओढलंस तर तट ढासळेल. फांद्या छाट, पुढचं जाणकार बघतील. तसंच सिमेंटचं. चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वीरगळींना, म्हणजे वीरांच्या स्मृतीसाठी उभारलेल्या कोरीव शिळांना, तैलरंग फासणारे उत्साही भेटतील, त्यांना प्रेमाने पण ठामपणे अडव.

पायथ्याच्या गावातल्या जाणत्यांशी बोल. बुजलेली वाट, हरवलेलं टाकं त्यांनाच ठाऊक असतं. हातमोजे, जाड तळाचे बूट आणि भरपूर पाणी मात्र स्वतःचं आण.