वाचकांचे प्रश्न : पहिल्या भागातले धागे

प्रश्न : अद्भुतरम्य कादंबरीमालिकांमध्ये पहिल्या भागातली एखादी किरकोळ घटना शेवटच्या भागात निर्णायक ठरते. हे सारे लेखकाने आधीच योजलेले असते का? मी तीन भागांची कादंबरी लिहीत असून पहिला भाग प्रसिद्ध झाला आहे. त्यात काही पेरायचे राहून गेले, अशी रुखरुख आता लागली आहे.
– एक वाचिका, सांगली

उत्तर : पुष्कळदा योजलेले नसते, आणि त्याचा ठळक पुरावा इंग्रज लेखक टॉल्किन यांच्याच लेखनात सापडतो. १९३७ साली निघालेल्या ‘द हॉबिट’मध्ये अंधाऱ्या बोगद्यात चाचपडणाऱ्या नायकाच्या, बिल्बोच्या हाताला धातूची थंडगार अंगठी लागते आणि तो ती फारसा विचार न करता खिशात टाकतो. पुढे भूगर्भातल्या तळ्याकाठी राहणाऱ्या गॉलम नावाच्या विचित्र जिवाशी कोड्यांची पैज लागते. पहिल्या आवृत्तीत गॉलमने बक्षीस म्हणून चक्क हीच अंगठी देऊ केली होती; ती सापडेना तेव्हा त्याने माफी मागितली, बाहेर पडायची वाट दाखवली आणि दोघांनी सभ्यपणे एकमेकांचा निरोप घेतला. अदृश्य होण्याची सोय, एवढेच त्या अंगठीचे मोल होते.

पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना तीच अंगठी धारण करणाऱ्याचे मन पोखरणारी ठरली आणि अशी वस्तू कोणी आपण होऊन पैजेला लावील, हे पटण्याजोगे राहिले नाही. म्हणून टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले, आणि १९५१च्या आवृत्तीत चवताळलेला गॉलम वाट अडवून बसला, अदृश्य बिल्बोच्या हाती तलवार होती, पण त्या एकाकी जिवाची कणव येऊन तो वार न करता त्याच्यावरून उडी मारून निसटला. अखेरीस ज्वालामुखीच्या कड्यावर, अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोचाच निर्धार ढळतो, तेव्हा अंगठीसकट त्याचे बोट तोडून आगीत कोसळतो तो हाच जीवदान मिळालेला गॉलम. जुनी हकिकतही टॉल्किन यांनी वाया घालवली नाही: ती अंगठीवरचा हक्क शाबीत करण्यासाठी बिल्बोने मारलेली थाप होती, असे त्यांनी ठरवले, आणि एरवी सरळमार्गी असलेला हा गृहस्थ खोटे का बोलला, या शंकेने जादूगार गँडाल्फला अस्वस्थ करून सोडले. चूक झाकण्याची याहून देखणी रीत माझ्या पाहण्यात नाही.

हॅरी पॉटरच्या मालिकेत मात्र आखणी स्पष्ट दिसते. पाचव्या भागात (२००३) जुन्या वाड्यातली काचेची कपाटे रिकामी करताना एक संगीतपेटी वाजू लागते, सगळ्यांना गुंगी येते आणि जिनी तिचे झाकण धाडकन बंद करते. त्याच वाक्यात, जाता जाता, कुणालाच न उघडलेल्या एका जड लॉकेटचा उल्लेख आहे. वाचकाचे लक्ष पेटीकडे आणि चोरी लॉकेटची, असा हा प्रकार आहे. त्या लॉकेटचे खरे मोल सातव्या भागात (२००७) कळते. याउलट, हॅरीच्या आईवडिलांचा घात करणाऱ्या पेटिग्रूला तिसऱ्या भागात हॅरीनेच वाचवले, त्या उपकाराची फेड सातव्यात इतक्या घाईने उरकली आहे की, एवढ्यासाठीच का इतकी वाट पाहिली, असे वाटून जाते.

आपल्याकडे महाभारतात परशुराम कर्णाला शाप देतात तेव्हाच पुढे काय घडणार हे वाचकाला कळते. उत्सुकता उरते ती केव्हा आणि कसे, एवढीच. तुमच्या कादंबरीत एखादी भविष्यवाणी असेल, तर हाही मार्ग मोकळा आहे.

आता तुमच्या रुखरुखीविषयी. वस्तूपेक्षा निर्णयाचे पडसाद लांबवर जातात, कारण वस्तू कोणाच्याही हाती जाऊ शकते, पण जीवदान, थाप किंवा मोडलेला शब्द त्या त्या पात्रालाच चिकटून राहतो. तेव्हा छापलेला पहिला भाग परक्या वाचकासारखा वाचावा आणि कोणी कोणाला सोडून दिले, कोणाची हकिकत एकाच्याच तोंडून आली, कोणते वचन पाळायचे राहिले, याची टिपणे काढावीत. एकाच्याच तोंडून आलेली हकिकत विशेष उपयोगी पडते. ती खोटी होती असे दुसऱ्या भागात उघड करता येते आणि त्यासाठी पहिल्या भागातला एक शब्दही बदलावा लागत नाही.