बायको पुण्यात, नोकरी जर्सीत: टॅक्स रिटर्नवर स्टेटस काय लिहायचं?

जानेवारी संपत आला, डब्ल्यू-२ (कंपनीकडून येणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) हातात पडले की मला एकाच धर्तीचे प्रश्न यायला लागतात. लग्न भारतात झालंय, जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची फाईल लावलीय किंवा लावायचीय, आणि १०४० च्या, म्हणजे इथल्या टॅक्स रिटर्नच्या, पहिल्याच पानावर गाडी अडते. गेली बरीच वर्षं मी न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स रिटर्न भरून द्यायचं काम करतेय, त्यातल्या बऱ्याच फाईली आपल्या मराठी मुलामुलींच्या. यंदा आलेले काही प्रश्न इथे घेते, नावं अर्थातच गाळलीत.

ताई, मी अमेरिकेचा सिटिझन आहे. २८ डिसेंबर २०२५ ला पुण्यात लग्न झालं, सुट्टी संपली म्हणून नोंदणी न करताच परत आलो, ती आता फेब्रुवारीत जाऊन करणार. बायको तिकडेच आहे, तिचं इथे काहीच नाही. मग २०२५ चं रिटर्न सिंगल म्हणून भरू ना?

नाही, सिंगल नाही भरायचं. इथे वर्षभर तुम्ही कोण होतात हे बघत नाहीत, ३१ डिसेंबरला कोण होतात ते बघतात. लग्नाला तीनच दिवस झाले असले तरी टॅक्सपुरते तुम्ही अख्खं २०२५ साल विवाहित. आणि नोंदणी फेब्रुवारीत म्हणून लग्न फेब्रुवारीतलं असं होत नाही, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ वाचा, सप्तपदी असेल तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. सर्टिफिकेट हा त्याचा पुरावा, त्यावर लग्नाची तारीख २८ डिसेंबरच येणार, आणि तेच सर्टिफिकेट तुमच्या आय-१३० ला (जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज) जोडलं जाणार. म्हणजे एका सरकारी खात्याला तुम्ही सांगणार की २८ तारखेला लग्न झालं आणि दुसऱ्याला सांगणार की ३१ तारखेला मी सिंगल होतो. हे करू नका.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मॅरीड फायलिंग सेपरेटली, विवाहित पण रिटर्न वेगळं. बायकोचा कुठलाच अमेरिकन नंबर नसेल (एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, किंवा तो न मिळणाऱ्यांचा टॅक्स नंबर आयटीआयएन) तर तिच्या नंबराच्या जागी एनआरए, म्हणजे नॉनरेसिडेंट एलियन, लिहायचं. दुसरा जॉइंट, दोघांचं मिळून एक रिटर्न, तो पुढच्या उत्तरात येतोच. कंपनीत दिलेल्या डब्ल्यू-४ वर (पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म) सिंगल आहे म्हणून घाबरू नका, त्या चौकोनात सिंगल आणि मॅरीड फायलिंग सेपरेटली दोन्ही एकत्रच छापलेलं असतं.

(ज्यांचा नुसता साखरपुडा झालाय ते सिंगलच, त्यात काही शंका नाही.)

सेपरेट भरलं तर व्हिसा ऑफिसरला लग्न खोटं वाटेल असं मित्र म्हणतात. टॅक्स जास्त बसला तरी चालेल, पण जॉइंटच भरायला हवं का?

ही भीती मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी सांगते, सेपरेट हे कायद्याने दिलेलं विवाहित माणसाचंच स्टेटस आहे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. बायको सात समुद्रांपलीकडे, तिला एसएसएन नाही, अशावेळी सेपरेट रिटर्न दिसणं अगदी साहजिक आहे. आय-८६४ मध्ये (बायकोचा खर्च उचलायची तुमची हमी) व्हिसा ऑफिसरला बघायचं असतं ते तुमचं उत्पन्न. २०२५ च्या गरिबी रेषेच्या तक्त्यात दोन माणसांच्या घराला २१,१५० डॉलर धरले होते, त्याच्या १२५ टक्के म्हणजे साधारण २६,४३७ डॉलर वर्षाचं उत्पन्न त्या तक्त्याप्रमाणे हवं होतं, आणि सगळ्यात अलीकडचं रिटर्न जोडायचं. जॉइंट भरलेलं असेल तर स्वतःचा डब्ल्यू-२ सोबत द्या, त्यातलं तुमचं किती हे लगेच कळतं. बायकोचा पुण्यातला पगार या हिशोबात येत नाही, ती इथे आल्यावरही तीच नोकरी तिथूनच चालू राहणार असेल तरच येतो.

जॉइंट भरायचं ते पैशासाठी, आणि पैसा खरंच बराच वाचतो. समजा तुमचा पगार ९५,००० डॉलर आहे. सेपरेटला २०२५ ची स्टँडर्ड डिडक्शन १५,७५०, फेडरल टॅक्स साधारण १२,३५० येतो. जॉइंटला डिडक्शन ३१,५००, बायकोचं उत्पन्न शून्य असेल तर टॅक्स ७,१४३, म्हणजे पाच हजारांच्या वर फरक. आता बायकोला पुण्यात सतरा लाखांचा पगार आहे असं धरू, साधारण वीस हजार डॉलर. तो दाखवावा लागतोच, पण ती बाराही महिने भारतात असल्यामुळे फॉर्म २५५५ ने वगळता येतो (२०२५ ला १,३०,००० डॉलरपर्यंत), तरी टॅक्स साडेसात हजारांच्या आसपासच राहतो.

पण हे जॉइंट आपोआप होत नाही. बायको कायद्याने नॉनरेसिडेंट आहे, तिला आम्ही रेसिडेंट धरतोय असं दोघांच्या सहीचं निवेदन रिटर्नला जोडावं लागतं, कायद्यातलं कलम ६०१३(जी). ही निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही चालू राहते, तिची जगभरातली कमाई इथे दाखवावी लागते, आणि एकदा मागे घेतली की तुम्हा दोघांना ती पुन्हा कधीच करता येत नाही. म्हणून नुसतं व्हिसाला चांगलं दिसेल म्हणून करू नका, तिच्याकडे काय काय आहे ते आधी कागदावर मांडा.

जॉइंट भरायचं ठरलं. पण आयटीआयएनला बायकोचा पासपोर्ट पाठवायचा म्हणे, आणि तिचा इंटरव्ह्यू कधीही लागू शकतो. काय करावं?

हा प्रश्न वाचून मला एक फाईल आठवली. मुलाने घाईने बायकोचा मूळ पासपोर्ट डब्ल्यू-७ (आयटीआयएनचा अर्ज) आणि रिटर्नसोबत टेक्सासला, ऑस्टिनला पाठवून दिला, आणि त्याच महिन्यात मुंबईच्या कॉन्सुलेटचं पत्र आलं. पासपोर्ट अमेरिकेत, मुलगी भारतात, इंटरव्ह्यूची तारीख पुढे ढकलावी लागली, आणि त्या मुलीचा फोनवरचा आवाज मला अजून आठवतो. तिने तोपर्यंत नोकरीचा राजीनामाही देऊन टाकला होता.

तर मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवू नका. नोटरी केलेली किंवा आपल्याकडे करतात तशी ट्रू कॉपी अटेस्ट केलेली झेरॉक्स तर नकोच, ती परतच येते. आयआरएसने (अमेरिकेचं टॅक्स खातं) नेमलेले सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट असतात, भारतातही आहेत, यादी आयआरएसच्या साइटवर आहे. तिने त्यांच्याकडे जायचं, ते मूळ पासपोर्ट बघून तिथेच परत देतात आणि सर्टिफिकेट तुमच्या अर्जाला लावतात. नंबर यायला एरवी सात आठवडे, टॅक्सच्या सीझनमध्ये किंवा परदेशातून केलं तर नऊ ते अकरा धरा.

आणि व्हिसा जवळ आलाच असेल तर आयटीआयएनच्या मागे लागायची गरजच नाही. डीएस-२६० मध्ये (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) एसएसएनसाठी हो म्हणायचं, ती उतरल्यावर कार्ड घरी येतं. तोवर फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या, फक्त ही मुदत रिटर्न भरायची आहे, पैसे भरायची नाही, जो टॅक्स निघेल तो १५ एप्रिलच्या आत भरून टाका. तेही नको असेल तर आत्ता सेपरेट भरा आणि नंतर १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) करून जॉइंट करून घ्या, त्याला तीन वर्षं असतात. उलटा रस्ता मात्र बंद आहे, जॉइंट भरलं आणि १५ एप्रिल उलटली की सेपरेट करता येत नाही. म्हणून मनात शंका असेल तेव्हा मी सेपरेटच भरायला सांगते.

बायकोचा कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलाय, एसआयपी चालू आहेत, पीपीएफ आहे. यंदा फ्लॅट विकायचा विचार आहे. जॉइंट करू?

विक्रीच्या वर्षात तर नकोच. फ्लॅटवरचा नफा तिचा एकटीचा आणि भारतातला असताना तुम्ही हौसेने तो अमेरिकेच्या टेबलावर आणून ठेवणार. भाडं, व्याज, पीपीएफचं व्याजसुद्धा जॉइंटमध्ये दाखवावं लागतं, २५५५ फक्त कमाईच्या पगाराला लागू आहे, याला नाही. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ ने मिळतं, पण पीपीएफवर भारतात टॅक्सच नसतो मग क्रेडिट कशाचं घेणार. त्यात भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, तिचा फॉर्म १६ तसाच्या तसा उचलून चालत नाही, महिन्यांच्या पे स्लिपा मागवाव्या लागतात.

सगळ्यात त्रासाचे ते म्युच्युअल फंड. इथल्या कायद्याने ते पीएफआयसी, म्हणजे नुसत्या गुंतवणुकीवर चालणारी परदेशी कंपनी, आणि त्यावरचा टॅक्स वरच्या दराने आणि वर व्याज लावून काढतात. वर्षाअखेरीस सगळ्या फंडांची मिळून किंमत जॉइंट रिटर्नला ५०,००० डॉलरच्या आत असेल आणि काही विकलं नसेल तर बहुतेक वेळा फॉर्म ८६२१ टळतो, एरवी एकेका फंडाला एकेक फॉर्म. शिवाय दोघांची मिळून परदेशातली गुंतवणूक ३१ डिसेंबरला एक लाख डॉलरच्या वर गेली की फॉर्म ८९३८. त्यामुळे अशा घरात ती येईपर्यंत सेपरेट, आणि येण्याआधी फंडांचं काय करायचं ते पुण्याच्या सीएबरोबर बसून ठरवायचं. ती इथली रेसिडेंट झाली की हे सगळं तसंही लागू होणार आहे, आत्ताचा मोकळा वेळ आवराआवरीसाठी वापरा.

माझे आईवडील सांगलीला, दरमहा पैसे मीच पाठवतो. बायको नॉनरेसिडेंट असेल तर हेड ऑफ हाउसहोल्ड (अवलंबून असलेल्यांचं घर चालवणाऱ्या अविवाहिताचं स्टेटस) मिळतं असं ऐकलं.

अर्धं खरं आहे. नॉनरेसिडेंट जोडीदार असलेला माणूस या स्टेटससाठी अविवाहित धरतात, पण त्याच्यावर अवलंबून असलेलं पात्र माणूसही लागतं, आणि बायको त्यात मोजत नाहीत. आईवडील सांगलीला राहणारे भारतीय नागरिक, ते इथे डिपेंडंट होऊच शकत नाहीत, त्याला अमेरिकेचं नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचं रहिवासी असावं लागतं. तुम्ही पाठवलेले पैसे खरे, पण हे स्टेटस तुम्हाला नाही. आधीच्या लग्नाचं मूल तुमच्याजवळ राहत असेल तर गोष्ट वेगळी.

मी ग्रीन कार्डवर आहे, नवरा मडगावला, लग्न गोव्यातच नोंदवलं. त्याच्या दुकानाच्या गाळ्याचं भाडं त्याच्या भारतातल्या रिटर्नमध्ये अर्धंच दिसतं आणि अर्धं माझ्या नावावर, हे काय आहे?

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची दिवाणी संहिता आहे, वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून भारताच्या इन्कम टॅक्स कायद्यात खास तरतूद आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ५ए), पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं. तुमच्यासाठी महत्त्वाचं असं की तुम्ही इथे सेपरेट भरलंत तरी त्या भाड्यातला तुमचा अर्धा वाटा तुमच्याच रिटर्नमध्ये यायची शक्यता आहे, ते विसरून चालणार नाही. हे अशा कुणाकडून करून घ्या ज्याने गोव्याची फाईल आधी हाताळलीय. आणि एक, ग्रीन कार्डवाल्याने चुकूनही नॉनरेसिडेंट म्हणून १०४०-एनआर भरू नये, पुढे सिटिझनशिपच्या अर्जात तो प्रश्न येतो.

मी एच-१बी वर २०२२ पासून, बायको सप्टेंबरमध्ये एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आली. आम्हालाही आय-८६४ लागतं का?

नाही, ते ग्रीन कार्डाच्या वेळचं. टॅक्सला मात्र तुम्हीही तीच ६०१३(जी) ची निवड करून जॉइंट भरू शकता, एच-४ वर सहसा एसएसएन नसतो म्हणून आयटीआयएन काढा, आणि तिचा जानेवारी ते ऑगस्टचा भारतातला पगार दाखवायला विसरू नका.

लग्न २०२३ ला झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून दोन्ही वर्षं, २०२३ आणि २०२४, सिंगल भरलं. आता आय-८६४ मागितलंय. फार मोठी चूक झाली का?

चूक झालीय, पण दुरुस्त होणारी आहे, आणि झोप उडवून घेऊ नका. दोन्ही वर्षांचे १०४०-एक्स भरा. सिंगल आणि सेपरेटचे दर बहुतेक पगारांना सारखेच असतात, त्यामुळे टॅक्स कदाचित एक डॉलरनेही बदलणार नाही, फक्त स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट घेतली असेल किंवा रॉथ आयआरएत (निवृत्तीसाठीचं खातं) पैसे टाकले असतील तर ते तपासून घ्या, सेपरेटला ते नियम कडक आहेत. जॉइंट परवडत असेल तर तसं दुरुस्त करा, उलट रिफंड निघू शकतो. आयआरएसला एरवी आठ ते बारा आठवडे लागतात, कधी सोळाही, म्हणून तिकडून उत्तर येईपर्यंत थांबू नका, १०४०-एक्सची प्रत आणि भरल्याची पावती आय-८६४ ला जोडा, सोबत काय चुकलं आणि कधी सुधारलं याचं चार ओळींचं साधं पत्र.

आणि हे सगळं बायकोला सांगा. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये, बीकेसीतल्या त्या खिडकीसमोर ती एकटी उभी राहणार आहे, तुम्ही नाही, तुमचा नवरा टॅक्स कसा भरतो हे तिलाच विचारतील. दुरुस्त केलेल्या रिटर्नची एक प्रत तिच्या फाईलमध्ये ठेवा आणि एखाद्या रविवारी फोनवर दोघं मिळून ती पानं वाचून काढा.