स्पोर्ट बाइकवर गिअर नेमका किती आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) बदलावा?

एकच ठरलेला आकडा नाही, कारण तुम्हाला त्या क्षणी काय हवंय त्यावर तो बदलतो.

लवकरात लवकर वेग पकडायचा असेल, तर टॉर्कच्या (इंजिनच्या फिरवण्याच्या जोराच्या) शिखरावर गिअर बदलू नका. ही चूक खूप जण करतात. मागच्या चाकाला मिळणारा जोर म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअरचं गुणोत्तर. त्यामुळे टॉर्क उतरायला लागला तरी खालचा गिअर बराच वेळ वरच्यापेक्षा जास्त ओढतो. साधारणपणे पॉवरचं शिखर ओलांडून थोडं पुढे गेल्यावर, रेडलाइनच्या (इंजिनच्या सुरक्षित आरपीएमची कमाल मर्यादा) जरा आधी वरचा गिअर टाका. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधलं अंतर मोठं असतं, म्हणून पहिला जास्त ताणावा लागतो. पाचव्यातून सहाव्यात जाताना आरपीएम फारसे घसरत नाहीत, तिथे थोडं लवकर बदललं तरी चालतं.

रोजच्या रस्त्यावर मात्र याची गरज नसते. ६०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन ४-६ हजार आरपीएमला आरामात चालतं. थ्रॉटल दिल्यावर गाडी धडधडली किंवा गुदमरली, तर एक गिअर खाली या. इंजिन थंड असताना जास्त फिरवू नका.

आणि वळण! खालचा गिअर वळणात शिरण्याआधी, गाडी सरळ असतानाच टाका. क्लच सोडताना थ्रॉटलचा हलका झटका द्या. झुकलेल्या गाडीत क्लच धाडकन सोडला, तर मागचं चाक घसरू शकतं. स्लिपर क्लच (खालचा गिअर टाकताना मागच्या चाकाला बसणारा झटका कमी करणारा क्लच) असला तरी ही सवय सोडू नका, अगदी कळकळीने सांगतो.