पाचारण, पगार आणि घराचा हप्ता

प्रश्न: मी खासगी नोकरीत आहे. प्रभूने पूर्णवेळ सेवेसाठी पाचारण केलंय असं वर्षभर वाटतंय. मंडळीतले (चर्चमधले) काही जण म्हणतात, ‘नोकरी सोड, देव पुरवील.’ पत्नीला घराच्या हप्त्याची धास्ती आहे. काय करावं?

उत्तर: पत्नीच्या धास्तीला अविश्वास म्हणू नका. हप्ते थकले की तुमचा भार देवावर नव्हे, सासरच्यांवर पडतो.

‘विश्वासाने सेवा’ म्हटलं की जॉर्ज म्युलर यांचं नाव हटकून निघतं. 1830 मध्ये त्यांनी मंडळीचा ठरलेला पगार सोडला, 1836 पासून इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवले आणि कुणापुढे हात पसरला नाही. ते कर्ज काढत नसत, आलेल्या देणग्यांची नोंद ठेवून दरवर्षी हिशेब छापत, हे मात्र उपदेशात राहून जातं. (प्रार्थनापत्रकाखाली खातेक्रमांक छापून ‘आम्ही मागत नाही’ म्हणणं वेगळं!) मागणं हे पापही नाही. प्रेषित पौल तंबू करून पोट भरी आणि फिलिप्पै शहरातल्या मंडळीची मदतही घेई.

पाचारणाची पारख एकट्याने होत नाही. अंत्युखिया शहरातल्या मंडळीत बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) आधीपासूनच शिकवत होते; त्यांना सेवेसाठी वेगळं करण्याची आज्ञा झाली ती उपास-प्रार्थनेत असलेल्यांना (बायबल, प्रेषितांची कृत्ये 13:1-3). म्हणून वर्षभर नोकरी सांभाळून शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग), आजाऱ्यांच्या भेटी, आठवड्याची एक घरसभा घ्या. मग पाळकांना आणि तुमची भीड न बाळगणाऱ्या दोघा वडिलांना (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना) लेखी मत मागा. उपदेश उत्तम, पण माणसांशी पटत नाही, असे बरेच निघतात. ते वर्षभरात कळतं.

राजीनाम्याआधी हप्ता कुठून जाणार ते ठरवा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आरोग्यविमा चालू ठेवा. सेवेची देणगी स्वतःच्या खात्यात घेऊ नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, आणि तोही बहुधा वाईट हेतूने नव्हे. मुलांची फी आणि सभेचा मांडव एकाच खात्यातून गेले की वर्षाअखेरीस कुणालाच हिशेब लागत नाही. नोंदणीकृत न्यासाचं खातं, दोन सह्या, प्रत्येक रकमेची पावती. परदेशी देणगी तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय न्यासालाही घेता येत नाही.

प्रश्न: पगारी पाळकाचा विश्वास कमी समजावा का?

उत्तर: नाही. ‘कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे’ हे मंडळीच्या वडिलांबद्दलच लिहिलंय (1 तीमथ्य 5:17-18). नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, पण त्याआधीची कित्येक वर्षांची सेवा त्या पगारावरच झाली होती.