दहावीनंतर गणित सुटलं. भरतीच्या परीक्षेसाठी प्रमाण, समीकरणं, घातांक कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की नियम पाठ आहेत, तरी उत्तरं चुकतात. मी परळला रात्रशाळेत गणित शिकवतो. दिवसभर नोकरी करून वर्गात येणाऱ्यांचं अगदी हेच होतं. नियम आठवतो, पण तो कुठे लावायचा आणि कुठे नाही, ते विसरायला झालेलं असतं.

आधी समीकरणं घ्या, कारण प्रमाणाचं गणितही शेवटी समीकरणावरच येतं. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग ३क्ष = १२ आलं की वहीत उतरतं: क्ष = १२ − ३ = ९. अहो, ३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष. तिथे बेरीज नाहीच, मग वजाबाकी कुठून येणार? दोन्ही बाजूंना ३ ने भागा, क्ष = ४. निदान महिनाभर ‘बाजू बदलली’ असं म्हणूच नका. प्रत्येक ओळीशेजारी ‘दोन्हीकडून ५ वजा’, ‘दोन्हीकडे ३ ने भागलं’ असं लिहा. वेळ जातो, जाऊ द्या. आणि ताळा करून पाहाच: तीन नव्वे सत्तावीस, बारा नाही. चूक तिथल्या तिथे सापडते.

प्रमाणात तिरकस गुणाकार बहुतेकांना येतो, तो कधी करायचा नाही हे येत नाही. लालबागला डंकावर मसाला कुटायला देताना २ किलो मिरचीला ५०० ग्रॅम धणे घेत असाल, तर ३ किलोला ७५० ग्रॅम. हे समप्रमाण. आता दुसरं: गणपतीचे मोदक वळायला चौघींना सहा तास लागतात, तर तिघींना किती? तिरकस गुणाकार करणारा साडेचार तास सांगतो. हात कमी झाले आणि काम लवकर उरकलं, असं कुठल्या घरात होतं? इथे गुणाकार कायम राहतो: ४ × ६ = २४, म्हणून ३क्ष = २४, आठ तास. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात त्रैराशिक (मसाल्यासारखं समप्रमाण) आणि व्यस्त त्रैराशिक (मोदकांसारखं उलटं) वेगवेगळं मांडलं, ते उगाच नाही.

शिवाय काही गोष्टी दोन्हीत बसत नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीत मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. अर्धा किलोमीटर गेलात तरी २६, दीड गेलात तरी २६. तेव्हा पेन उचलण्याआधी विचारा: एक दुप्पट केलं तर दुसरं दुप्पट होतं, निम्मं होतं, की दोन्ही नाही?

घातांकांचे नियम सुरुवातीला पाठ करूच नका, सरळ उलगडून लिहा. २ चा तिसरा घात म्हणजे २×२×२, चौथा घात म्हणजे २×२×२×२. दोघांचा गुणाकार केला की सात दोन ओळीने उभे राहतात, म्हणजे सातवा घात, १२८. मग ३ × ४ म्हणून बारावा घात कधी येतो? चौथ्या घाताचा पुन्हा तिसरा घात केला की; तेव्हा चार-चार दोनांचे तीन गट होतात. आणि बेरीज असेल तर घातांकांना हात लावायचा नाही: ८ + १६ = २४, बस.

शून्याव्या घाताचं उत्तर १ का, हे मात्र समजून घ्या. १६, ८, ४, २ असं खाली उतरत या. दर पायरीला घात एकाने कमी होतो आणि संख्या निम्मी होते. २ हा पहिला घात, त्याखालची पायरी शून्यावा घात, म्हणजे १, आणि त्याखाली उणे एक हा घात, म्हणजे अर्धा. म्हणून उणे घात दिसला की उत्तर उणे लिहू नका. हा प्रकार माझ्या वर्गात दरवर्षी दिसतो.

अडलेलं एखादं गणित असेल तर पायऱ्यांसकट लिहून पाठवा. नुसत्या उत्तरावरून काही कळत नाही, कुठल्या ओळीवर गाडी घसरली ते दिसायला हवं.