वही घेऊन परत जा

तुझा मेसेज रात्री दीडला आलाय. मी सकाळी वाचला आणि चहा गार झाला तरी तिथेच बसून राहिले. तीन महिने झाले तुला सोलापूरच्या पूर्व भागात, बेचाळीस बायकांशी बोललास, गल्लीतली पोरं तुला डॉक्टर म्हणतात, गल्लीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई तुला सरकारी माणूस समजतात, ऑफिसात तू "फिल्डचा मुलगा", आणि तू मला विचारतोस, ताई मी नेमका कोण? माणसं समजून घ्यायला आलो होतो की गोळ्या खपवायला? नोकरी सोडू का?

नोकरीचं नंतर बघू. मेसेजसोबत तू जी स्लाईड पाठवलीस ना, टीबीची औषधं मध्येच का सुटतात त्याच्या कारणांची, तिच्यातल्या तिसऱ्या कारणावर माझं डोकं अडकलंय. "उदासीनता". बाळा, हा शब्द कुणाचा रे? कुठल्या बाईनं विडी वळता वळता तुला सांगितलं की मी उदासीन आहे म्हणून? तुझ्यावर प्रेशर असणार हे कळतं मला, सोमवारी पाच थीम पाहिजेत असं कुणीतरी म्हणालं असेल. तरी पण. ही स्लाईड घेऊन तू त्या गल्लीत परत गेलास का? नाही ना. मग मी कोण वगैरे राहू दे, आधी परत जा.

मी इतकी चिडून का लिहितेय ते सांगते, म्हणजे तुला माझा राग येणार नाही.

2006 ला मी याच भागात काम करत होते. तेव्हा टीबीची औषधं आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड असायची, पेशंटच्या नावाचा लाल डबा सेंटरवर ठेवलेला आणि पहिले दोन महिने प्रत्येक डोस तिथे जाऊन समोर गिळायचा. आमचं काम होतं की बायका मध्येच औषध का सोडतात ते शोधायचं. सलग दोन महिने औषध चुकलं की कागदावर त्या बाईला "डिफॉल्टर" म्हणायचे, बँकेत थकबाकीदाराला म्हणतात तसं, आणि आम्हीपण तोच शब्द बिनदिक्कत वापरायचो. (पुढे 2013 ला जागतिक आरोग्य संघटनेनं तो शब्द काढून टाकला, पण कागदावरून गेला म्हणजे तोंडातून गेला असं नाही, तुझ्या मेसेजमध्ये दोनदा आहे.) मला तेलुगू येत नव्हतं. पूर्व भागातल्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या तेलुगू बायका माझ्याशी मराठी बोलायच्या आणि एकमेकींशी तेलुगू, मी दोन्ही ऐकायचे आणि कळलं नाही ते अंदाजानं लिहून घ्यायचे.

माझ्या वहीत नऊ-दहा जणींच्या बोलण्यात एकच शब्द होता, गोळी घेतली की "वेडी". मी काय केलं? मराठी बाई मी, मराठीत वाचलं. गोळ्यांनी वेड लागतं असा समज. कोड टाकला, टेबल केलं, रिपोर्टमध्ये "अज्ञान व गैरसमज" या मथळ्याखाली ठळक अक्षरात दिलं. ज्या संस्थेसाठी काम होतं त्यांनी ते उचललं आणि पत्रक छापलं, टीबीच्या गोळ्यांनी वेड लागत नाही, आणि ते गल्लीगल्लीत वाटलं, भिंतींवर चिकटवलं. माझं कौतुक झालं. मी पुढच्या प्रोजेक्टला गेले.

परत गेले ते 2010 ला, तेही दुसऱ्या कामासाठी. जिच्या ओसरीत बसून मी विडी वळायला शिकले होते त्या अक्काच्या घरी गेले. अक्का नव्हती. तिचं विड्या वळायचं सूप तिच्या सुनेच्या मांडीवर होतं. औषध सोडलेलं, मग परत खोकला, मग उशीर झालेला. मी सुन्न बसले, आणि बोलता बोलता त्या पत्रकाचा विषय निघाला. सून म्हणाली, ते लावल्यावर सगळ्या घाबरल्या ताई, आधी आमच्यात असं कुणी म्हणत नव्हतं, मग वाटलं लागत असेल वेड म्हणूनच तर छापलंय. मी म्हटलं अगं तुम्हीच सांगितलेलं ना, वेडी म्हणून. ती माझ्याकडे बघतच राहिली. वेडि म्हणजे तेलुगूत उष्णता. वेडि चेसिंदि, अंगात उष्णता झाली. लघवी लाल-केशरी होते, अंगाचा दाह होतो, त्यात सोलापूरचा एप्रिल, बेचाळीसच्या वर पारा, पत्र्याखालची खोली, दिवसभर मांडीवर तंबाखू. त्या बायका मला अगदी बरोबर, डोळ्यांनी बघितलेलं सांगत होत्या. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधानं लघवीचा रंग बदलतो हे कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं. त्यांना एवढं सांगितलं असतं की रंग औषधाचा आहे, उष्णतेचा नाही, घाबरू नका, जेवून कधी घ्यायची उपाशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, तर कितीतरी जणींनी औषध सोडलं नसतं. मी मात्र चांगल्याभल्या बायकांच्या तोंडी वेडेपणाची भीती घातली आणि ती छापून त्यांच्याच भिंतीवर लावली.

अक्का त्या पत्रकामुळे गेली असं मी म्हणत नाही, कुणाला म्हणताही येणार नाही. कारखान्यावर विड्या द्यायची वेळ आणि सेंटर उघडायची वेळ एकच होती, हजार विड्यांवर मजुरी, उशीर झाला की त्या दिवसाचं गणितच बिघडतं, घरात नवऱ्याचं पॉवरलूम बंद पडलेलं, हे सगळं होतंच. पण रिपोर्ट द्यायच्या आधी एक दुपार, फक्त एक दुपार, मी वही घेऊन परत गेले असते आणि वाचून दाखवलं असतं, की बघा तुम्ही वेडी म्हणालात त्याचा मी असा अर्थ लावला, तर पाच मिनिटांत कुणीतरी हसलं असतं आणि सगळं तिथेच सुधारलं असतं. पाच मिनिटं रे.

म्हणून मी परत जा परत जा करते. तेव्हापासून कुठलंही काम घेताना मी सहा दिवस वेगळे मागते, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायला. बजेटमध्ये वेगळी ओळ. पहिल्यांदा नुसतंच "पुनर्भेट" लिहिलं तर खोडलं, मग "व्हॅलिडेशन मीटिंग" लिहिलं तर पास झालं, तूपण तसंच लिही, शब्दासाठी भांडत बसू नकोस, दिवसांसाठी भांड. दोन कामं माझ्या हातून गेली याच्यावरून. एका मीटिंगमध्ये मला तोंडावर सांगितलं की तुमच्यामुळे डेडलाईन जाते, तुम्ही अडून बसता. बसते मी अडून. घरचेसुद्धा म्हणाले की सगळे देतात रिपोर्ट तसा देऊन टाक ना. मी नाही दिला, आणि आज कुणी कितीही समजावलं तरी त्यात माझं चुकलं असं मला वाटत नाही. त्या सहा दिवसांत आठ-आठ पानं बदलली आहेत माझी. मग आडमुठी कोण, मी की ते?

असो. तुझ्याकडे येते.

तू क्लाइनमनचे, त्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञाचे, आठ प्रश्न छापून घेऊन जातोस असं लिहिलंयस. तुम्हाला काय झालंय असं वाटतं, कशामुळे झालं, तेव्हाच का सुरू झालं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. प्रश्न सोन्यासारखे आहेत. 1978 पासून जगभर वापरतात. पण 2006 ला क्लाइनमननं स्वतःच एका लेखात सांगितलं की हे यांत्रिकपणे, फॉर्म भरल्यासारखं वापरू नका, हे बोलणं सुरू करायला आहेत. तुझ्या बेचाळीस मुलाखतींचा वेळ बघितला मी, सरासरी पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटांत बाई एक बंडल बांधून होते आणि पाहुण्याला काय सांगायचं ते ठरवते. खरं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला येतं, तू उठून चप्पल घालत असताना.

आणि वहीचं एक लक्षात ठेव, सोलापुरात तर जास्तच. आपल्या गावात सेटलमेंट होती. 1871 पासूनच्या कायद्यांनी आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, रोज हजेरी घेतली, कायदा गेला तो 1952 ला. त्या हजेऱ्या घेतलेल्यांची नातवंडं आजही इथेच राहतात. विडीवाल्या बायकांचं बघ, कारखान्यात विड्या तपासून छाट, म्हणजे नापास विड्या, काढतात आणि वहीत आकडा कमी लागतो. या गावात वही उघडणारा माणूस म्हणजे काहीतरी काढून घेणारा माणूस. तू भला आहेस हे त्यांना कसं कळणार? एकच रस्ता आहे, वहीत काय लिहिलं ते परत येऊन दाखवणारा तू पहिला माणूस हो.

ते पैशांचं विचारलंस. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकार देतं ते, महिन्याचे हजार रुपये खात्यात आले नाहीत म्हणून बायका तुलाच विचारतात आणि तुला लाज वाटते. लाज कसली? 2018 ला ते पाचशे होते तेव्हापासून वही धरलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला जातोय. खातं लिंक आहे का बघ, सेंटरवर कुणाशी बोलायचं ते माहीत करून घे, एकीसोबत जाऊन ये. हे संशोधनात बसतं की नाही याचा विचार करू नकोस. खिशातून द्यायचे की नाही ते मात्र मला विचारू नकोस, मी कधी दिलेत कधी नाही दिलेत आणि दोन्हीचा त्रास झालाय.

डॉक्टर म्हणतात तेव्हा मात्र दरवेळी, दिवसातून दहा वेळा, नाही म्हणून सांग. तिथे आळस करायचा नाही.

आता परत कसं जायचं. बेचाळीस जणींचं सगळं एकदम घेऊन जाऊ नकोस, दहा-बारा जणींमागे एकदा जा. दुपारी तीननंतर, बंडलं बांधायच्या वेळी, तेव्हा हात चालू असतात पण तोंड मोकळं असतं. पगाराच्या दिवशी नको, पद्मशालींच्या मार्कंडेयाच्या रथाच्या आठवड्यात तर अजिबात नको. आशाताईंना कळवून जा पण सोबत नेऊ नकोस, त्यांच्यासमोर सगळ्या जणी गोळ्या वेळेवर घेतात. तेलुगू येणारी एखादी कॉलेजची मुलगी घे, पण त्याच गल्लीतली नको. आणि हे नीट ऐक, एकीची गोष्ट चारचौघींत वाचायची नाही. नाव काढलं म्हणजे झालं असं नसतं, "तीन मुली, नवरा चादरीच्या मागावर" एवढं म्हटलं तरी आख्ख्या गल्लीला कळतं कोण ते, आणि लग्नाच्या मुलीच्या घरी टीबी आहे हे बाहेर पडलं तर ते पाप तुझ्या माथी. कारणं वाचायची, माणसं नाही. जिची गोष्ट तिला एकटीला दाखवायची ते वेगळं, संमतीच्या कागदावर अंगठा घेतला म्हणून सगळी परवानगी मिळाली असं समजू नकोस.

आपल्या कामाचा उपयोग काय म्हणतोस? 2014 ला पश्चिम आफ्रिकेत इबोला होता, प्रेतांमधून लागण होत होती, टीम येऊन प्रेत उचलून न्यायची आणि लोक प्रेतं लपवायला लागले. अडाणी आहेत, सहकार्य करत नाहीत, असंच तेव्हा बोललं जायचं. मानववंशशास्त्राची माणसं लोकांमध्ये जाऊन बसली, शेवटचा निरोप कसा द्यायचा असतो ते विचारलं, आणि नोव्हेंबरमध्ये दफनाचे नियम बदलले, घरच्यांना प्रार्थनेला, निरोपाला जागा ठेवली. तिथे कुणी "उदासीनता" लिहून मोकळं झालं असतं तर?

तर ती स्लाईड सोमवारी देऊ नकोस. सरांना माझं नाव सांग, म्हण ताईंनी अडवलं, माझ्यावर ढकल, मला सवय आहे. आणि ज्या बाईच्या मुलाखतीवरून तू तिसरं कारण लिहिलंस तिच्याकडे उद्या जा, ती त्या जागी नेमकं काय म्हणाली ते परत विचार, तिच्याच तोंडचा शब्द, तेलुगू असो कानडी असो, ऐकू येईल तसा लिहून मला पाठव. रेकॉर्डिंग नको, ती घाबरेल. चारच्या आत पाठवलंस तर मी फोन करते, संध्याकाळी माझी भाची येतेय, ती तेलुगू शाळेत शिकवते, तिला विचारू.