स्कीबोर्डवर १८० मारला की पाठीवर पडतो, काय करू?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की ९९ सेंटीमीटरचे स्कीबोर्ड (दोन्ही पायांत घालायच्या आखूड स्की) आहेत, छोट्या जंपवरून सरळ उतरता येते, बॉक्सवर (वरून घसरायसाठी बर्फात ठेवलेला सपाट, लांबट अडथळा) सरळ घसरता येते, पण १८० (हवेत अर्धी गिरकी) मारला की पाठीवर आदळता, अन् बर्फ फक्त दुबईले भावाकडे गेल्यावर स्की दुबईत (तिथल्या मॉलमधल्या बंदिस्त बर्फाच्या उतारावर) भेटतो, बाकी वर्षभर वाशीमकडच्या गावात. मी यवतमाळकडचा, मलेही स्कीबोर्डचाच नाद, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले तं मोठ्या जंपचा विचार बाजूले ठेवा. तुमची अडचण उभं राहण्याची आहे. लांब स्कीले मागे भरपूर लांबी असते, जरासं मागे बसलं तरी ते सांभाळून घेते, स्कीबोर्डले मागे आधारच नाही, वजन टाचेवर गेलं की संपलं. अन् १८० नंतर आपण उलटे उतरतो, तोंड उताराच्या वरच्या बाजूले, तवा भीतीनं गुडघे ताठ होतात, बुड मागे जाते. म्हणून उतरताना घोटे-गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेले हलकी टेकलेली, हात पुढं अन् खाली. नजर पायाखालच्या बर्फावर ठेवा, फिरणं तिथंच थांबते, मग खांद्यावरून मागे पाहा. स्कीबोर्ड आखूड असल्यानं फिरतात लवकर, खांदे जोरात फेकायची गरजच नाही, जंपच्या टोकावर दोन्ही पायांनी सारखं उचला अन् डोकं वळवा, बस. डावीकडून, उजवीकडून, सरळ येऊन, उलटं येऊन, चारही १८० छोट्याच जंपवर बसले पाहिजेत. १९९८ ते २००० मध्ये विंटर एक्स गेम्समध्ये स्कीबोर्डची स्पर्धा होत होती, तिचे जुने व्हिडिओ भेटले तं फक्त उतरतानाचे गुडघे पाहा.

आता गावात काय करायचं तं इनलाइन स्केट (एका ओळीत चाकं असलेले) घ्या. ग्रामपंचायतीसमोरचा नवा सिमेंट रोड सकाळी उन्हाच्या आधी, खराट्यानं बारीक गिट्टी नीट झाडून घ्या काहून की एक खडा चाकाखाली आला की माणूस तोंडावर जाते, अन् आधी फक्त उलटं चालवा, दोन्ही खांद्यांवरून पाहत, ते कंटाळा येईपर्यंत जमलं की हळू स्पीडवर उडी मारून १८०. हेल्मेट अन् मनगटाचे गार्ड लागतातच. स्केट आडवे घसरत नाहीत, म्हणून बॉक्सचा सराव वेगळा करा, जमिनीवर सागाची रुंद फळी ठेवा, साध्या बुटांनी उडी मारून तिच्यावर आडवे उतरा, पाय खांद्याइतके फाकलेले, तळवे सपाट, नजर फळीच्या दुसऱ्या टोकावर. खऱ्या बॉक्सवर आडवं जाताना हेच लागते, स्कीबोर्डची जराही कड लावली की पाय निसटतात.

अन् बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीबोर्डले पकडून ठेवणारा भाग, आधी तपासा. बऱ्याच स्कीबोर्डचं बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही, मग पीळ सरळ नडगीले बसते, हाड मोडू शकते. तुमचं तसंच असेल तं मीडियम जंपची घाई अजिबात करू नका, अन् जाल तवा पहिली फेरी न उडता बाजूनं, जंप अन् उतरायची जागा पाहत, मग ओळखीच्या चांगल्या रायडरले विचारून त्याच्या मागे अंतर ठेवून त्याच स्पीडनं या, पुढचा उतरून बाजूले झाल्याशिवाय मात्र सुटू नका.